अठरा वर्षांनंतर कुठे? दिवसाची कार्यशाळा, निवासी संस्था आणि घर यांची तुलना

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालक त्यामुळे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत विशेष शाळेच्या वेळापत्रकाला धरून राहतात. शाळा सुटल्यावर मात्र पुढची जागा त्यांनाच शोधावी लागते. महाराष्ट्रात त्यांच्यासमोर मुख्यतः तीन वाटा असतात: दिवसभराची कार्यशाळा, निवासी संस्था, किंवा कोणत्याही संस्थेशिवाय घरीच सांभाळ. त्यांपैकी एक वाट कायमची निवडण्याची घाई पालकांनी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालक धडधाकट असताना कार्यशाळा निवडावी आणि त्याच काळात निवासी संस्थेची तयारीही सुरू करावी.

कार्यशाळेत पणत्या रंगवणे, कागदी पिशव्या, राख्या, मसाल्यांचे पॅकिंग अशी कामे होतात. त्यातून मिळणारे मानधन किरकोळ असते आणि ते पाहून निर्णय घेतल्यास निराशाच पदरी पडेल. खरा लाभ असा, की सकाळी आवरून बाहेर पडण्याला कारण मिळते, समवयस्क भेटतात, शाळेत कमावलेल्या सवयी टिकतात आणि आईवडिलांना दिवसातले काही तास मोकळे मिळतात. पुण्यातील कामायनीसारख्या संस्थांनी शाळेला जोडूनच कार्यशाळा उभ्या केल्या आहेत आणि अशा ठिकाणी मुलाला ओळखीचे वातावरण सोडावे लागत नाही. उणीव मात्र उघड आहे: रात्र, रविवार, आजारपण आणि पालकांचे म्हातारपण यांची जबाबदारी कार्यशाळा घेत नाही. शिवाय ने-आण करण्याची सोय नसेल, तर चांगली कार्यशाळासुद्धा वर्षभरात सुटते. म्हणून दोन कार्यशाळांमध्ये निवड करायची असल्यास घराजवळची, थोडी साधी का असेना, ती बहुतेक वेळा अधिक टिकते.

निवासी संस्थेची तुलना अधिक बारकाईने करावी लागते, कारण येथे चूक झाल्यास ती सोसणाऱ्याला सांगता येईलच असे नाही. महाराष्ट्रात पालकांनीच एकत्र येऊन काही संस्था उभारल्या आहेत. बदलापूरची ‘आधार’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. पालकांच्या संस्थेत निर्णय घेणाऱ्यांची स्वतःची मुले तेथेच राहत असल्याने जेवण, स्वच्छता आणि वागणूक यांवर आतूनच लक्ष राहते, ही तिची मोठी जमेची बाजू आहे. पण संस्थापक पालकांचे वय झाल्यावर कारभार कोणाकडे जाणार, हा प्रश्न तेथेही विचारलाच पाहिजे. खासगी निवासगृहांत प्रवेश तुलनेने लवकर मिळू शकतो, तथापि दरमहा शुल्क चाळीस वर्षे कोण भरणार याचा हिशेब पालकांनी प्रवेशाआधीच मांडायला हवा. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या पालकांनी आपल्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळण्यासाठीची नोंद हयातीतच करून ठेवावी. तो त्या हिशेबातला सर्वांत भरवशाचा आकडा ठरतो.

पाहणीला जाताना प्रथम कागद पाहावेत. 2016 च्या याच अधिनियमाच्या कलम 50 नुसार दिव्यांग व्यक्तींसाठी संस्था चालवण्यास नोंदणी प्रमाणपत्र आवश्यक आहे आणि ते दाखवण्यास टाळाटाळ होत असेल तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर रात्री किती काळजीवाहक असतात, फिट आल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, मुली आणि महिलांच्या विभागात कोण काम करते, पालकांना पूर्वसूचना न देता भेटायला येऊ देतात का, हे विचारावे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये थायरॉइडचे विकार आणि चाळिशीनंतर स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा अधिक आढळतो. त्यामुळे पन्नाशी गाठलेले रहिवासी तेथे आहेत का आणि त्यांचे दिवस कसे जातात, हे प्रत्यक्ष पाहावे. तरुण मुलांचा नाच किंवा गाणे पाहुण्यांना नेहमीच दाखवले जाते, पण संस्थेची परीक्षा तिच्या वृद्ध रहिवाशांजवळ बसल्यावर होते.

कोणत्याही सेवेशिवाय घरीच ठेवणे ही वाट अनेक कुटुंबे खर्चामुळे किंवा गावात दुसरी सोय नसल्यामुळे स्वीकारतात आणि त्यात प्रेमाची कमतरता मुळीच नसते. परंतु सारा भार बहुधा आईवर येतो, मुलाचा बाहेरच्या माणसांशी संबंध तुटतो, आणि आई आजारी पडल्याच्या दिवशी त्याला अनोळखी जागी हलवावे लागते. घर, वास, आवाज आणि जवळचे माणूस असे सगळे एकाच दिवशी बदलणे स्वमग्न व्यक्तीसाठी अतिशय कठीण असते. हे टाळण्यासाठी निवासी संस्थेत आधी दोन-चार दिवसांचे, मग महिन्याभराचे मुक्काम करून पाहावेत. अशा दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारने कायद्याने स्थापलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेमागेही अल्पकालीन निवासाचीच कल्पना होती.

तिन्ही वाटांना लागणारी कागदपत्रे सारखीच आहेत. दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र काढल्याशिवाय बहुतेक योजनांचे दार उघडत नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो.

पालकत्वाबाबतही दोन पर्यायांची तुलना करावी लागते. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांत बँकेच्या खिडकीसमोरच कळते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. 2016 च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व मात्र विशिष्ट निर्णयापुरते व ठरावीक काळापुरते असते आणि त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. ज्याला आपली आवड-निवड सांगता येते, पण व्यवहार पेलत नाही, अशा तरुणासाठी मला दुसरा मार्ग अधिक सन्मानाचा वाटतो. ज्याला सर्वच बाबतींत आयुष्यभर आधार लागणार आहे, त्याच्यासाठी समितीकडे अर्ज करणे व्यवहार्य ठरते. त्या अर्जात भावाचे किंवा बहिणीचे नाव घालण्यापूर्वी त्यांना समोर बसवून विचारावे, आणि ते नाही म्हणाले तर मनात न धरता दुसरे नाव शोधावे.