भिशीसारखी चिठ्ठी की ग्रामसभा?

मतदानानंतरची पाच वर्षं नुसतं बघत बसायचं नसेल, तर नेमकी कशाची मागणी लावून धरायची? चिठ्ठी टाकून निवडलेल्या नागरिकांच्या सभेची, की हक्काच्या ग्रामसभेची?

चिठ्ठीची रीत भिशीसारखी, फक्त वय, लिंग, प्रांत यांचं प्रमाण राखायचं. आयर्लंडने 2016 मध्ये असे 99 जण बसवले, न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अध्यक्ष. गर्भपातावर त्यांनी पाच शनिवार-रविवार दोन्ही बाजू ऐकल्या आणि घटनेतली बंदी बदलावी असं सुचवलं. 2018 च्या सार्वमतात 66 टक्के लोकांनी बंदी उठवायला होकार दिला. फ्रान्समध्ये 150 जणांनी हवामानावर 149 सूचना केल्या. राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ म्हणाले होते, सूचनांना गाळणी लावणार नाही. चांगलीच लागली! आयर्लंडमध्ये घटनादुरुस्ती सार्वमताशिवाय होतच नाही. आपल्या घटनेत राष्ट्रीय सार्वमताची सोयच नाही. म्हणजे आपली गाडी फ्रान्सच्या रुळावर जाण्याची भीती जास्त.

ग्रामसभेला कायद्याचा आधार आहे. 2013 मध्ये ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. पण देशाचं धोरण तिच्यापुढे येत नाही, आणि शहरात ती नाहीच. सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत येणारी चिमणी आठवा. विमान की चिमणी, हा वाद वर्षानुवर्षं मोर्चे आणि कोर्टकचेरीत गाजला, 2023 मध्ये ती पाडली गेली. ऊस उत्पादक आणि उद्योजक यांना महिनाभर समोरासमोर बसवून आकडे तपासायला लावणारी जागा आपल्याकडे कुठे आहे?

संसद आहे की, असं म्हणाल. पण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून खासदाराला विरोधकाचं पटलं तरी पक्षाचा व्हिप (मतदानाचा आदेश) मोडणं महागात पडतं. चिठ्ठीतून आलेल्याला व्हिप नसतो. मला हीच या सभेची खरी ताकद वाटते.

मात्र सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईची चिठ्ठी निघाली तर तिच्या बुडालेल्या रोजीचं काय? आयर्लंडने नुसता खर्च दिला, फ्रान्सने दिवसाचा भत्ता. इथे भत्ता हवाच, शिवाय तेलुगू, कन्नड, उर्दूत दुभाषे. नाहीतर पेन्शनर आणि वकीलच बसतील.

माझा कौल चिठ्ठीला, पण एका अटीवर: सभा संसदेच्या स्थायी समितीला जोडलेली हवी आणि प्रत्येक सूचनेला सरकारने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर देणं बंधनकारक हवं. मागणीच्या मसुद्यात हे कलम नसेल तर मी सही करणार नाही. तो वेळ गावाकडच्या ग्रामसभेचा कोरम भरवण्यात घालवीन.