ब्रेडेरो वाचायचा, तर आधी कोणतं नाटक?

खेरब्रांड ब्रेडेरो (१५८५–१६१८) हा डच नाटककार अ‍ॅमस्टरडॅमचा, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. शिकला चित्रकला, लिहिली नाटकं, आणि ऐन तेहतिशीत गेला.

१६१२चं गायीचं प्रहसन एका बैठकीत संपतं. चोर शेतकऱ्याची गाय पळवतो आणि बाजारात ती शेतकऱ्याच्याच हातून विकून पैसे घेऊन पसार होतो. झकास, पण मामला तेवढाच.

१६१७चा ‘स्पॅनिश ब्राबांडर’ मात्र मनात घर करतो. ब्राबांड प्रांतातल्या अँटवर्पहून आलेला येरोलिमो खिसा रिकामा असूनही सरदारी मिरवतो. नोकर रॉब्बेक्नोल भीक मागून आणतो, तेच धनी खातो! शेवटी येरोलिमो ज्यांचं देणं लागतो त्यांना टांग मारतो. शिवाय अँटवर्पची ऐटदार बोली आणि अ‍ॅमस्टरडॅमची रांगडी भाषा यांची टक्कर. मी आधी हेच सुचवेन.