होममेड रेडिओची डायल छापायची कशावर? फोटो पेपर की ओएचपी शीट

गँग (स्टेशन बदलायचा फिरता कपॅसिटर) बसली, दोरी ताणली, स्टेशनं यायला लागली आणि आता पुढच्या पॅनेलवर आकडे हवेत, इथपर्यंत जे पोचलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. एसआय५३५१ ही वारंवारता तयार करणारी चिप आणि ओएलईडीचा छोटा पडदा लावून वारंवारता थेट वाचणाऱ्यांनी खुशाल तसं करावं, सोपंही आहे आणि अचूकही, पण ज्याला काटा सरकताना बघायचाय त्याला डायल छापण्यावाचून सुटका नाही.

मी दोन्ही पद्धतींच्या डायली केल्यात, दोन्ही घरात चालू सेटवर आहेत. एक म्हणजे घरच्या इंकटँक प्रिंटरवर ग्लॉसी फोटो पेपर, वरून गरम लॅमिनेशन. दुसरी म्हणजे बाजारात लेझर प्रिंटरवर ओएचपी शीटवर (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिक शीटवर) उलटी छपाई आणि ती शीट ॲक्रिलिकच्या मागे. तिसरा पर्याय रेडियमवाल्याचा, तो आमच्याकडे वेंगुर्ल्यापासून कुडाळपर्यंत कुठेही सापडतो, नंबरप्लेट झकास करतो, पण तीन मिलिमीटरचे आकडे कापून दे म्हटलं की कापतानाच निम्मे सुटून येतात, त्यामुळे तो विषय मी सोडून दिला.

आधी एक गोष्ट, कारण छपाई किती बारीक हवी ते तिच्यावर ठरतं. मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे वारंवारता साधारण तिप्पट, आणि वारंवारता तिप्पट व्हायला कपॅसिटन्स नऊपट बदलावा लागतो. अर्धगोल पात्यांची गँग असेल तर खालच्या टोकाला रेघा ऐसपैस बसतात आणि वरच्या टोकाला नुसती चेंगराचेंगरी. ६० मिलिमीटर त्रिज्येची अर्धगोल डायल धरली तर कमानीची लांबी १८८ मिलिमीटरच्या आसपास, त्यात ९ किलोहर्ट्झची (शेजारच्या दोन स्टेशनांमधलं अंतर) एकशे एकोणीस घरं, म्हणजे सरासरी दीड मिलिमीटरच्या जरा वर एक घर, आणि वरच्या टोकाला त्याहून कितीतरी कमी. तिथे रेघ पाव मिलिमीटरनं जाड झाली तरी डोळ्याला कळतं.

त्यात मला आकडे आणि नावं मराठीत हवी होती. मुंबई ५५८ आणि १०४४, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७, अशी जुन्या सेटवर असायची तशी. आता बारीक टायपात 'रत्नागिरी' लिहून बघा. त्यातली वेलांटी आणि 'त्न' ही खरी परीक्षा आहे, इंग्रजी आकड्यांना जे खपून जातं ते इथे खपत नाही.

फोटो पेपरचं आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. घरात प्रिंटर, रात्री अकरा वाजता कॅलिब्रेशन (आकडे खऱ्या वारंवारतेशी जुळवणं) केलं तर सव्वाअकराला नवी डायल हातात. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १२८७ ची रेघ अर्धा अंश सरकवली, पुन्हा छापलं, कोणाच्या पाया पडायला नको. रंग तर विचारूच नका, जुन्या व्हॉल्व्ह सेटसारखी क्रीम पार्श्वभूमी, शॉर्टवेव्हला लाल, मीडियमला हिरवा, सगळं सुरेख येतं. नवीन असताना फोटो पेपरची डायल ओएचपीपेक्षा देखणी दिसते हे मी मान्य करतो, आणि जे घाटावर कोरड्या हवेत राहतात त्यांना कदाचित पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण आम्ही पडलो समुद्राकाठी. शाईचं पहिलं म्हणजे बऱ्याच इंकटँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) असली तरी सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला की प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि रंगीत डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शायांतून काळा बनवतो. डाय शाई ओलाव्याला पसरते आणि उन्हाला उडते. लॅमिनेशन आहे ना वरून, असं वाटतं, आणि चारी कडांना तीन-चार मिलिमीटर पारदर्शक किनार सोडली तर कडा खरंच टिकतात. घोडं पेंड खातं ते मधल्या भोकाशी. गँगचा दांडा डायलमधून बाहेर येणार म्हणून मध्ये भोक पाडावंच लागतं, आणि तिथे कागदाची कापलेली कड उघडी पडते. जूनमध्ये पाऊस धरला की त्या भोकाच्या कडेनं ओल आत शिरते, कागद फुगतो, लॅमिनेशन सुटून भोकाभोवती एक उंचवटा येतो, आणि मग काटा त्यावर घासायला लागतो.

हे काटा घासणं मला जेवढं टोचलं तेवढं बाकी काहीच नाही. रंग उडाला, चालतं. वेलांटी भरली, नाव पाठ आहे. पण काटा एका जागी अडून पुढे टुणकन उडी मारायला लागला की ट्यूनिंगची मजाच गेली, मीडियम वेव्हला एकवेळ निभेल, पण ७ मेगाहर्ट्झवर एसएसबी (हौशी रेडिओवाल्यांची बोलण्याची पद्धत) ऐकताना माणसाचा आवाज मध्येच बदकासारखा होतो, बोट मागे न्यावं तर काटा परत तिथेच अडतो. बरं, काटा वर उचलून वाकवावा तर तो डायलपासून लांब जातो आणि मान जरा इकडेतिकडे केली की वाचन बदलतं. दर पावसाळ्यात हेच.

याला उपाय आहे आणि तो सांगायलाच हवा. लॅमिनेशनच्या आधी कागदाला मोठं भोक पाडायचं, दांड्याहून आठ-दहा मिलिमीटर जास्त व्यासाचं, मग लॅमिनेट करायचं आणि नंतर फक्त प्लास्टिकमध्ये दांड्यापुरतं छोटं भोक. म्हणजे कागदाची कड आतून बंद होते. यानं फरक पडतो, बराच पडतो. तरी माझ्याकडे उंचवटा उशिरा का होईना आला, कदाचित लॅमिनेशनवाल्याचं मशीन नीट तापलं नसेल, ते मी सांगू शकत नाही.

आता ओएचपी. इथे रचनाच उलटी होते, जुन्या सेटच्या काचेसारखी. त्या काचांवर अक्षरं मागच्या बाजूनं छापलेली असायची आणि काटा काचेच्या मागे फिरायचा. तसंच करायचं, ड्रॉइंग आरशातल्यासारखं उलटं छापायचं, म्हणजे टोनर (लेझर प्रिंटरची पूड-शाई) शीटच्या मागच्या बाजूला येतो आणि समोरून बोट लागून खरवडला जात नाही. शीट ३ मिलिमीटर ॲक्रिलिकच्या मागे, तिच्या मागे अगदी जवळून काटा, आणि त्याच्याही मागे क्रीम रंगाचा पुठ्ठा किंवा दुधी ॲक्रिलिक. दोरीची ड्राइव्ह असेल तर नॉबचा दांडा खाली वेगळा असतो, मग डायलच्या मध्ये भोकच नको. भोक नाही म्हणजे ओल शिरायला वाट नाही, आणि शिरली तरी शीटचं पॉलिएस्टर काही कागदासारखं फुगत नाही. टोनर तर प्लास्टिकच, पाण्यानं त्याचं काही बिघडत नाही. वेलांटी पहिल्या दिवशी होती तशी आहे.

गँगच्या दांड्यावरच थेट नॉब असेल तर मात्र ॲक्रिलिकला भोक पाडावं लागतं, पण तिथेही फुगायला काही नाही, त्यामुळे काटा मोकळा राहतो.

कटकट नाही असं नाही. पहिली कटकट दुकानदार. पारदर्शक शीट बघितली की त्याचा चेहरा बदलतो, आमच्याकडे एकानं सरळ विचारलं, "मशीन खराब झाली तर कोण भरतलो?" त्याचंही चुकत नाही, कारण स्पायरल बायंडिंगला जी पारदर्शक शीट लावतात ती पीव्हीसीची असली की लेझरच्या फ्यूझरच्या (टोनर तापवून चिकटवणाऱ्या भागाच्या) उष्णतेत वितळून रोलरला चिकटते, आणि इंकजेटसाठीची ओएचपी शीटही लेझरमध्ये घालायची नसते. स्टेशनरीवाल्याला विचारलं की बऱ्याचदा बायंडिंगचीच हातात देतो. म्हणून पाकिटावर लेझर किंवा कॉपियर लिहिलेली शीट स्वतः विकत घ्या आणि पाकीट बरोबर घेऊन जा, पाकीट दाखवलं की बोलणं मिटतं.

दुसरी कटकट मापाची. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर माप गेलंच समजा, पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तिथे उभं राहून 'फिट टू पेज' काढून शंभर टक्के करायला सांगा. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवा, दुकानातच पट्टी लावून मोजा. घरून निघताना पट्टी विसरू नका.

तिसरं म्हणजे काळा रंग. टोनर शीटवर उजेडासमोर धरला की करडा दिसतो, मागून एलईडी लावणाऱ्यांना हे खटकेल. दोन प्रिंट एकावर एक लावल्या की गडद होतं, पण बारीक रेघा जुळवताना जीव जातो. मी मागून उजेड न देता ॲक्रिलिकच्या कडेला दोन एलईडी दिलेत, तेवढं पुरतं. टोनरवर मागून पांढरा स्प्रे मारायचा विचार असेल तर जपून, थिनरवाला रंग टोनर विरघळवतो. आणि ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट नको, कडांना बारीक तडे जातात, साबणाचं पाणी बरं. पावसाळ्यात वर बुरशीचा थर आला तर नुसता धुऊन टाकता येतो, हे फोटो पेपरचं कौतुक करणाऱ्यांनी करून बघावं.

सरळ पट्टीची डायल करणार असाल तर माझा कल आणखीच ओएचपीकडे. गोल डायलवर कागद सगळीकडे सारखा फुगला तर कोन बदलत नाहीत, पण कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि उभ्या दिशेला कमी, त्यामुळे थोडा फरक येतोच. २०० मिलिमीटरच्या सरळ पट्टीवर मात्र कागद जितका वाढला तितकी सगळी चूक शेवटच्या आकड्यावर दिसते. दीड मिलिमीटर वाढला तर वरच्या टोकाला तुम्ही शेजारचं घरही ओलांडून पुढे गेलात.

फोटो पेपर मी टाकून दिलेला नाही. एस-मीटरच्या (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्याच्या) छोट्या पट्टीला तोच वापरतो, ती बंद डबीत असते आणि तिला भोक नसतं. कॅलिब्रेशन चालू असतानाची कच्ची डायल तर साध्या कागदावरच, पेन्सिलनं खुणा करत. ज्यांच्याकडे चांगला लेझर प्रिंटरवाला तासाभराच्या अंतरावर नाही, किंवा ज्यांना रंगीत डायलच हवी आहे, त्यांनी मोठ्या भोकाची युक्ती वापरून फोटो पेपर करावा, दोन-तीन वर्षं सुखानं जातील असं वाटतं. बाकी कोकणात राहणाऱ्यानं मला विचारलं तर मी बहुतेक ओएचपीच म्हणेन.

शीट कोणतीही घ्या, शेवटची प्रिंट दसरा झाल्यावर काढा. भर पावसात कॉइल आणि ट्रिमर (जुळवणीचे छोटे कपॅसिटर) ओलाव्यानं थोडे सरकलेले असतात, तेव्हा मारलेली ११४३ ची खूण माझ्याकडे तरी दिवाळीत जागेवर राहत नाही.