मेटल बँडचे ड्रम पहिल्यांदा रेकॉर्ड करताना: चार माइक, आठ माइक की इलेक्ट्रॉनिक किट?

मेटल बँडचे ड्रम प्रथमच रेकॉर्ड करू पाहणाऱ्यापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात: मोजक्या चार माइकांनी संपूर्ण किट टिपणे, प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माइक देणे, किंवा इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवून मिडी (आवाज नव्हे, तर कोणता ठोका कधी व किती जोराने पडला याची माहिती) नोंदवणे. मेटलमध्ये ही निवड प्रामुख्याने किक ड्रमवर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर, ठरते, असे माझे मत आहे. 200 बीपीएमच्या (मिनिटाला 200 बीटच्या) लयीत एका बीटला चार याप्रमाणे दोन्ही पायांनी किक वाजवली, तर दोन ठोक्यांमध्ये अवघे 75 मिलिसेकंद उरतात. तेवढ्या वेळात आधीच्या ठोक्याची घुमक विरली नाही तर ती पुढच्या ठोक्यात मिसळते, आणि खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी व बास त्याच खर्जाच्या भागात गर्दी करत असल्यामुळे सुटे ठोके न उमटता नुसती घरघर ऐकू येते.

चार माइकांच्या मांडणीत एक किकला, एक स्नेअरला (खाली तारा असलेल्या, तडतडणाऱ्या ड्रमला) आणि दोन संपूर्ण किटच्या वर ओव्हरहेड म्हणून लावतात. चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) पुरतो, आणि माइक कमी असल्यामुळे फेजचे (एकच आवाज निरनिराळ्या माइकांत मागेपुढे पोहोचून एकमेकांना कापण्याचे) प्रश्नही कमी येतात. तरीही एक मोजमाप टाळू नये. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून समान अंतरावर आहेत ना, हे टेपने किंवा दोरीने तपासावे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो. त्यामुळे एक ओव्हरहेड तेवढा लांब राहिला आणि दोन्ही ट्रॅक मोनोमध्ये एकत्र ऐकले, तर 500 हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला जाऊन स्नेअर पोकळ वाटतो. या मांडणीची खरी मर्यादा टॉमच्या (किक व स्नेअर सोडून उरलेल्या ड्रमच्या) बाबतीत जाणवते. टॉम फक्त ओव्हरहेडमध्ये असल्यामुळे त्यांचा आवाज वाढवायला गेले की सिंबलचाही (झांजांचाही) आवाज वाढतो. शिवाय खोलीचा आवाज लपत नाही, आणि छत ठेंगणे असेल तर त्यावरून परतणारा ध्वनी सिंबलांना कर्कश करतो. संथ, जड लयीच्या डूमसारख्या शैलीला मात्र हीच मोकळी खोली शोभून दिसते.

आठ किंवा अधिक माइक लावले की प्रत्येक ड्रमवर ताबा मिळतो, निदान कागदावर तरी. मेटलचे ड्रमर सिंबल जोराने वाजवतात, त्यामुळे टॉमच्या माइकमध्ये टॉमइतकेच क्रॅश आणि चायना हे सिंबलही शिरतात, आणि नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद ठेवणारी सोय) नको तेव्हा उघडतात. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे टॉम वाजत नसलेला प्रत्येक भाग हाताने कापून काढणे. या कामाला लागणारा वेळ नवशिक्यांच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो. स्नेअरला खालूनही माइक लावला, तर त्याची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून ऐकावी, कारण ठोका पडताच वरचे हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) वरच्या माइकपासून दूर जाते आणि खालचे हेड खालच्या माइककडे येते. माइक महागच हवेत असे नाही. 1965 पासून बनणारा शुअर एसएम57 आजही स्नेअरवर सर्रास लावला जातो.

इलेक्ट्रॉनिक किटला खोलीची अडचण नसते, शेजाऱ्यांना त्रास कमी होतो आणि प्रत्येक ठोका नंतर दुरुस्त करता येतो. हा मार्ग कमअस्सल मानण्याचेही कारण नाही. स्वीडनच्या मेशुगा या बँडने 2005 साली एक संपूर्ण अल्बम प्रोग्रॅम केलेल्या ड्रमवर उभा केला. मात्र हाय-हॅटची (पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीची) अर्धवट उघडीप आणि राइड सिंबलवरचा हात यांतले बारकावे पॅडवर पुरेसे उमटत नाहीत, आणि सर्व ठोके एकाच जोराने नोंदले गेले तर वादन यांत्रिक वाटते.

वेगवान मेटलसाठी मी चार माइक आणि किकवर एक ट्रिगर हा चौथा मार्ग सुचवीन, फक्त त्यासाठी पाचवा इनपुट लागतो. ट्रिगरचा सेन्सर ड्रमची कंपने टिपतो, त्याला सिंबल जवळजवळ ऐकू येत नाहीत. म्हणून त्यावरून वाजवलेला सॅम्पल (आधीच नोंदवलेला किकचा आवाज) नेमक्या ठोक्यावर बसतो. मूळ किक काढून न टाकता सॅम्पल तिच्या जोडीला ठेवावा, आणि दोन्हींच्या लहरींची सुरुवात जुळवून घ्यावी.

कोणताही मार्ग घेतला तरी नवे हेड, नीट ट्यूनिंग आणि क्लिकवरचा (मेट्रोनोमच्या ठोक्यांवरचा) सराव यांना पर्याय नाही. 24 बिटवर रेकॉर्डिंग करून सर्वांत मोठे ठोके मीटरवर उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवले, तर प्रत्यक्ष टेकमध्ये ड्रमर अधिक जोराने वाजवू लागला तरी आवाज फाटत नाही.

निर्णय होत नसेल, तर गाण्यातला सर्वांत वेगवान भाग फक्त किकच्या माइकवर रेकॉर्ड करून स्क्रीनवर पाहावा. ठोके वेळेवर पण कमीजास्त जोराचे असतील, तर ट्रिगर ती उणीव भरून काढील. ठोके वेळेतच मागेपुढे होत असतील, तर एकतर लय थोडी उतरवावी किंवा मिडीवर दुरुस्ती करण्याची तयारी ठेवून इलेक्ट्रॉनिक किट घ्यावे, कारण चुकलेली वेळ आणखी चार माइक लावून सुधारत नाही.