एम५ टूरिंग की आरएस६ अवांत?

२०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने एम५ टूरिंग, म्हणजे एम५ची मागे लांब डिकी असलेली इस्टेट आवृत्ती, परत आणली. ही तिसरीच पिढी. आधीच्या पिढीत चक्क दहा सिलिंडरचं व्ही१० इंजिन होतं. ऑडीने मात्र २००२ पासून आरएस६ अवांत या आपल्या इस्टेटचा हट्ट सोडलेला नाही.

कागदावर बीएमडब्ल्यू भारी: व्ही८ आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून ७२७ अश्वशक्ती, १,००० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर). ऑडीची परफॉर्मन्स आवृत्ती ६३० आणि ८५० वर थांबते. तरीही शून्य ते शंभर ऑडी ३.४ सेकंदांत गाठते, बीएमडब्ल्यूला ३.६ लागतात. गोम वजनात आहे. बॅटरीमुळे एम५ जवळपास अडीच टनांची झालीय. आरएस६ साधारण चारशे किलोंनी हलकी. पण तीच बॅटरी चार्ज केली, तर साठेक किलोमीटर पेट्रोलचा थेंबही न जाळता जाता येतं. रोज शहरात फिरणाऱ्या जर्मन गिऱ्हाईकाला हे पटेल.

डिकी दोन्हींची ऐसपैस, ऑडीची थोडी जास्तच.

आपल्याकडे इस्टेट म्हटलं की पुण्याची टाटा इस्टेट आठवते, तीही फार खपली नाही. माझं मत विचाराल तर ऑडी. मागची फुगीर चाकाची कमान एकदा बघाच.