घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी कोणतं झाड घ्यावं: मनी प्लांट, स्नेक प्लांट की झेडझेड?

गणपतीला आठ-दहा दिवस आणि मे महिन्यात तीन-चार आठवडे, मुंबई-पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटना वर्षातून दोनदा कुलूप लागतं. कुंड्यांना पाणी घालायचं काम शेजारच्या काकूंच्या गळ्यात पडतं आणि परत आल्यावर निम्मी झाडं गेलेली असतात. नर्सरीत ‘काहीही करा, मरत नाही’ म्हणून हमखास तीन झाडं दाखवतात: मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झेडझेड. तिन्ही चिवट आहेत हे खरं, पण तिघांचा चिवटपणा वेगवेगळा.

आधी पाण्याचं बघू, कारण घर बंद असताना तोच कळीचा मुद्दा. झेडझेड मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. तिथे पाऊस बराच काळ गायब असतो, म्हणून ते मातीखाली बटाट्यासारख्या गाठी धरतं आणि त्यांत पाणी साठवतं. मोठ्या कुंडीतलं, सावलीतलं झेडझेड महिनाभर कोरडं राहिलं तरी कुरकुर करत नाही. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतलं. पाणी साठतं ते त्याच्या जाड पानांतच. शिवाय ते आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा बहुतेक मिटलेली ठेवतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. मे महिन्याच्या सुट्टीला ही दोन्ही झाडं पास. मनी प्लांटचं तसं नाही. छोट्या कुंडीत, पश्चिमेच्या खिडकीत असेल तर आठवड्याभरात वेल मान टाकते. लवकर घरी आलात तर पाणी घातल्यावर पुन्हा ताठ होते, पण महिनाभर तिला एकटं सोडू नका.

गणपतीतलं गणित उलटं. भाद्रपदात हवा दमट, माती लवकर सुकत नाही, आणि आपण निघताना ‘दहा दिवसांचं एकदम’ म्हणून कुंडी तुडुंब भरतो. झेडझेड आणि स्नेक प्लांट मरतात ती बहुतेक अशीच, तहानेने नव्हे. स्नेक प्लांट कुजायला लागलं की पानाचा बुंधा पिवळट, मऊ होतो, वास येतो आणि पान धरून ओढलं तर अलगद हातात येतं. तोवर मुळं संपलेली असतात. म्हणून निघायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पाणी घालूच नका. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी मात्र आठवणीने ओतून टाका. नर्सरीच्या पिशवीतली चिकट लाल माती तशीच ठेवण्यापेक्षा तिच्यात वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) मिसळलेलं बरं. काकूंनाही स्वच्छ सांगा, ‘या दोघांना पाणी नको.’ नाहीतर त्या मायेने रोज तांब्याभर घालतील.

मनी प्लांट बाटलीत ठेवला की पाण्याचा प्रश्न सुटतो, असं वाटतं. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो तो साठलेल्या स्वच्छ पाण्यातच, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी फिरतात तेव्हा मनी प्लांटच्या बाटल्या बघतात, त्या याचसाठी. घरी असाल तर दर आठवड्याला पाणी बदला. गावी जाताना बाटलीच्या तोंडात कापूस घट्ट बसवा किंवा वेल सरळ मातीत लावा.

उजेडाच्या बाबतीत फार फरक नाही. अंधारा पॅसेज असेल तर झेडझेड, त्याखालोखाल स्नेक प्लांट. स्नेक प्लांट तिथे जगतं, वाढत नाही. मनी प्लांटही तगतो, पण पानांवरचे पिवळे शिंतोडे कमी होतात. बाल्कनीत दिवसभर कडक ऊन असेल तर यातलं काहीच नको, कोरफड घ्या.

रोपं वाढवून वाटायची हौस असेल तर मात्र मनी प्लांटला तोड नाही. देठावर जिथे पान फुटतं तिथे एक तपकिरी खुंट दिसतो. त्याच्या थोडं खाली कापून पाण्यात ठेवलं की मुळं फुटतात. नुसतं पान खोचलं तर वेल कधीच येत नाही. झेडझेड पानापासूनही होतं, पण महिनोन्‌महिने वाट बघायची तयारी हवी. त्याची किंमत जास्त असते ती बहुतेक या मंद वाढीमुळेच. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नवीन रोप साधं हिरवं येतं. पिवळा काठ हवा असेल तर बुंध्यापासून फुटवा वेगळा करावा लागतो.

‘हवा शुद्ध करतं’ म्हणून जास्त पैसे देऊ नका. नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात तो बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांची आकडेमोड पुन्हा झाली, तेव्हा इमारतीत एरवी जेवढी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं निघालं. त्यापेक्षा खिडकी उघडा. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं हीसुद्धा दुकानदारी. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतं, ऑक्सिजन उजेडातच बनतो.

माझं मत विचाराल तर वर्षातून दोनदा घर बंद राहणार असेल तिथे पहिलं झाड झेडझेड. पैसे वाचवायचे असतील, कोपरा अरुंद असेल तर स्नेक प्लांट. मनी प्लांट घरात कायम कोणीतरी असणाऱ्यांसाठी.

रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर मात्र तिन्हींना जरा लांबच ठेवा. मनी प्लांट आणि झेडझेड दोन्ही अळूच्या कुळातली. कच्च्या अळूने घसा खाजवतो तो ज्या स्फटिकांमुळे, तेच यांच्या पानांतही असतात. स्नेक प्लांट चावलं तर मांजराला उलट्या होतात. अशा घरात सुपारीसारखा दिसणारा अरेका पाम किंवा स्पायडर प्लांट निर्धोक. मांजर स्पायडर प्लांटची पानं कुरतडून ठेवेल, ते वेगळं.