आरस्पॅमडी : मेल का अडकला याचा हिशेब देणारा स्पॅम फिल्टर

आधीच सांगून टाकतो, स्वतःचा मेल सर्व्हर चालवत असाल आणि स्पॅम फिल्टर निवडायचा असेल तर माझं मत आरस्पॅमडीला. तो जास्त स्पॅम पकडतो म्हणून नाही, पकडायचं काम स्पॅमअसॅसिन हा जुना फिल्टरपण चांगलं करतो, नीट बसवला तर. मला आरस्पॅमडी आवडतो तो यासाठी की फिल्टर चुकला की का चुकला हे तो दाखवतो, आणि मुख्य म्हणजे जो मेल दारातूनच परत पाठवला त्याचंसुद्धा दाखवतो. कोणी येऊन म्हणतं "क्लायंटचा मेल आलाच नाही", तेव्हा हातात मेलच नसतो, हेडर (मेलच्या वरच्या तांत्रिक ओळी) बघायचं कुठे? स्पॅमअसॅसिन कोणत्या नियमाला किती गुण दिले ते हेडरमध्ये लिहितो, पण ते आत आलेल्या मेलमध्ये. नाकारलेल्या मेलसाठी लॉग उपसत बसावं लागतं.

ओळख थोडक्यात. व्सेवोलोद स्ताखोव यांनी सुरू केलेला प्रोजेक्ट, सोर्स खुला, गाभा सी भाषेत आणि बरेचसे नियम लुआ भाषेत, त्यामुळे पर्लमधल्या स्पॅमअसॅसिनपेक्षा बराच हलका आणि वेगवान. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला तो मिल्टर (मेल घेतानाच तपासणारा जोड-प्रोग्राम) म्हणून जोडायचा, पोर्ट ११३३२. मेल येत असतानाच तपासणी होते, प्रत्येक तपासणी म्हणजे एक सिम्बॉल, त्याचे अधिक किंवा उणे गुण, आणि शेवटी बेरीज. डीफॉल्टला ४ च्या वर ग्रेलिस्ट (म्हणजे थोड्या वेळाने परत पाठवायला सांगणं), ६ च्या वर स्पॅमचं हेडर, १५ च्या वर सरळ रिजेक्ट. पोर्ट ११३३४ वर वेब पॅनल आहे, त्यात हिस्टरी उघडली की पाठवणारा, त्याचा आयपी, एकूण गुण आणि लागलेले सगळे सिम्बॉल एका ओळीत दिसतात. डीफॉल्टला शेवटचे २०० मेलच ठेवतो, ते आधी वाढवून घ्या, गर्दीच्या सर्व्हरवर २०० मेल म्हणजे काहीच नाही.

आता खरा मुद्दा. स्पॅम वाढला की लोक पहिलं काय करतात तर १५ चं १० करतात, ६ चं ४ करतात, आणि मग चांगले मेल अडकायला लागले की परत वर नेतात. कृपा करून हे करू नका. थर्मामीटरचे आकडे खोडून ताप उतरत नाही. आकडा बदलायच्या आधी हिस्टरीत जाऊन जो मेल चुकीचा सुटला त्याचे सिम्बॉल बघा, आणि तिथे काय आहे यापेक्षा काय नाहीये ते बघा. एसपीएफचा (पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनचा अधिकृत आहे का याचा) निकाल नाही, ब्लॉकलिस्टचा (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीचा) एकही सिम्बॉल नाही, बेझचं (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचं) नाव नाही, असं दिसलं तर तपासण्या चालतच नाहीयेत, मग तुम्ही गुण कितीही फिरवा.

सगळ्यात जास्त वेळा गडबड असते डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या यंत्रणेत. सर्व्हरच्या रिझॉल्व्हरमध्ये (डीएनएसची चौकशी करणाऱ्या भागात) ८.८.८.८ किंवा तसाच कुठलातरी सार्वजनिक पत्ता टाकलेला असतो, वेबसाइट उघडतात, मेल जातो येतो, म्हणजे सगळं बरोबर असं वाटतं. पण ब्लॉकलिस्टची चौकशीही डीएनएसवरूनच होते, आणि स्पॅमहॉससारख्या ब्लॉकलिस्ट सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या चौकशीला खरं उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा कोड परत करतात, म्हणजे "तुम्ही चुकीच्या वाटेने विचारताय". आरस्पॅमडी हा कोड ओळखतो आणि ब्लॉक झाल्याचा शून्य गुणांचा वेगळा सिम्बॉल लावतो. शून्य गुण असल्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही हे खरं, पण माहिती तिथे असते. उलट पोस्टफिक्सच्या साध्या ब्लॉकलिस्ट नियमात कोणते कोड धरायचे ते लिहिलेलं नसेल तर हेच उत्तर "यादीत आहे" असं समजलं जातं आणि येणारा प्रत्येक मेल परत जायला लागतो, ते फार भयंकर. उपाय एकच, त्याच मशीनवर अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवा, तो दुसऱ्या कोणाकडे फॉरवर्ड न करता स्वतः शोधेल असा ठेवा, आणि आरस्पॅमडीच्या ऑप्शन्समध्ये नेमसर्व्हर म्हणून लोकलहोस्ट द्या. अनबाउंड बसवून त्याला परत ८.८.८.८ कडे फॉरवर्ड केलं तर जिथे होतात तिथेच राहता, एवढं लक्षात ठेवा. आणि हो, बंद पडलेल्या याद्या काढून टाका, सॉर्ब्स २०२४ च्या जूनमध्ये बंद झाली तरी जुन्या कॉन्फिगमध्ये तिचं नाव अजून सापडतं.

दुसरी जागा म्हणजे कंटेनर, मशीनच्या आतच वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्राम. डॉकर या कंटेनरच्या सॉफ्टवेअरमध्ये मेल सर्व्हर असेल आणि नेटवर्क नीट लावलेलं नसेल तर बाहेरून येणारा प्रत्येक मेल डॉकरच्या गेटवेवरून, १७२ ने सुरू होणाऱ्या आतल्या आयपीवरून आल्यासारखा दिसतो. आरस्पॅमडीच्या लेखी ते घरचं नेटवर्क, आणि घरच्या मेलवर तो एसपीएफ, डीमार्क (फ्रॉम पत्ता खरा आहे का याची तपासणी), ब्लॉकलिस्ट काही तपासत नाही. सगळं कॉन्फिग बरोबर, सर्व्हिस हिरवी, आणि स्पॅम धो धो आत. हिस्टरीत आयपीचा कॉलम बघा, सगळीकडे एकच आयपी असेल तर दुसरीकडे कुठे शोधू नका.

आता तक्रार, कारण ती करायलाच हवी. आरस्पॅमडीचं कॉन्फिग नवीन माणसाला फसवतं. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, आपले बदल लोकल डॉट डी फोल्डरमध्ये ठेवायचे आणि ते मूळ कॉन्फिगमध्ये मिसळतात, इथपर्यंत छान. ओव्हरराइड डॉट डी मधलं त्याच्याही वर चालतं, तेही ठीक. पण लोकल डॉट डी मधल्या ॲक्शन्सच्या (किती गुणांना काय करायचं त्याच्या) फाइलीत परत ॲक्शन्स नावाचा ब्लॉक उघडून आत आकडे लिहिले तर ते ब्लॉकच्या आत ब्लॉक होतं आणि तुमचे आकडे लागूच होत नाहीत, मूळ आकड्यांवरच काम चालू राहतं. तिथे ब्लॉकचं नाव न लिहिता सरळ आकडे लिहायचे असतात. कॉन्फिगटेस्ट एवढंच सांगतो की व्याकरण बरोबर आहे, त्याच्यावर विसंबू नका. कॉन्फिगडंप ही कमांड चालवा, सगळं मिसळून शेवटी काय लागू झालंय ते ती छापून दाखवते, माझ्या मते या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात उपयोगी कमांड तीच आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ती पहिल्या पानावर हवी होती.

बेझबद्दल अपेक्षा जरा बेताची ठेवा. डीफॉल्टला किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय तो बोलतच नाही. लोक स्पॅम भरपूर शिकवतात, चांगले मेल शिकवायचे विसरतात, आणि मग म्हणतात बेझ चालत नाही. डव्हकॉटमध्ये (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हर) सीव्ह (मेलवर चालणारे नियम) वापरून असं करता येतं की युझरने मेल जंकमध्ये टाकला की स्पॅम म्हणून शिकेल आणि जंकमधून बाहेर काढला की चांगला म्हणून. उत्तम सोय आहे, पण जंकमधून कचऱ्यात टाकलेला मेल यातून वगळा. नाहीतर युझर जंक साफ करतो आणि फिल्टर समजतो की हे सगळे चांगले मेल होते, आणि बेझ हळूहळू उलटा शिकत जातो. मी बघितलेल्या बिघडलेल्या बेझमध्ये हे कारण परत परत सापडलंय. हा सगळा डेटा रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये असतो, तेव्हा रेडिसचा बॅकअप आणि मेमरीची मर्यादा दोन्ही बघा, मेमरी भरल्यावर रेडिस जुन्या नोंदी टाकायला लागला तर शिकवलेलं पुसलं जातं.

ग्रेलिस्टिंगवर मत द्यायचं तर मी ते चालू ठेवतो. डीफॉल्टला ते फक्त संशयास्पद गुण असलेल्या मेललाच लागतं, ५ मिनिटं थांबवतं, त्यामुळे सरसकट सगळ्यांना थांबवणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा खूप शहाणं आहे. तरी ओटीपी उशिरा येतोय अशी तक्रार आली तर तो मेल ४ च्या वर का गेला ते बघा. मोठमोठ्या ठिकाणांहून आलेल्या मेलचं डीकिम (मेलवरची डिजिटल सही) मोडलेलं असतं कारण मध्येच कुठेतरी फॉरवर्ड करताना मजकुराला फूटर चिकटवलाय, असलं काहीतरी निघतं.

व्हाइटलिस्टबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. नुसत्या फ्रॉम पत्त्यावर व्हाइटलिस्ट करू नका, तो पत्ता कोणीही लिहू शकतं आणि फिशिंगवाले नेमके तुमच्या बँकेचा, तुमच्या साहेबांचा पत्ता लिहितात. आरस्पॅमडीच्या व्हाइटलिस्ट मॉड्यूलमध्ये डोमेन आणि त्याचं वैध डीकिम किंवा एसपीएफ असं जोडून लिहिता येतं, तेच वापरा. ही सोय नीट दिलीये यासाठी बनवणाऱ्यांना मनापासून दाद.

फझी हॅशची (आधीच्या स्पॅमशी मिळताजुळता मेल ओळखायची) तपासणी यूडीपी पोर्ट ११३३५ वरून बाहेर जाते, फायरवॉलमध्ये बाहेरचा यूडीपी बंद असेल तर ती गप्प बसते, तेवढं बघून घ्या.

ज्यांच्याकडे दहा-पाच मेलबॉक्स आहेत आणि रेडिस, अनबाउंड वगैरे सांभाळायची हौस नाही त्यांनी चालू असलेला स्पॅमअसॅसिन उगाच काढू नये, ब्लॉकलिस्टचं डीएनएस तेवढं त्याच्यातही तपासावं. ज्यांच्याकडे रोज "माझा मेल कुठे गेला" विचारणारे लोक आहेत त्यांनी आरस्पॅमडी घ्यावा. आणि तो जोडताना पोस्टफिक्समध्ये मिल्टर बंद पडला तर काय करायचं हे स्वतः ठरवून लिहा. ॲक्सेप्ट ठेवलं तर फिल्टर पडल्यावर सगळा स्पॅम बिनतपासणी आत येतो, टेम्पफेल (तात्पुरता नकार) ठेवलं तर सगळे मेल बाहेर रांगेत थांबतात. मी टेम्पफेल ठेवतो आणि सर्व्हिसवर मॉनिटरिंग लावतो, कारण थांबलेला मेल नंतर येतो, पण आत शिरलेली फिशिंग लिंक कोणीतरी तोपर्यंत उघडलेली असते.